आबाचं चक्कर

ज्या चढानं माझी शाळा बंद पाडली त्याला आमच्याकडं हेल्याचा चढ म्हणतात. भरलेली गाडी ओढणारा हेला तिथं मध्येच बसकण मारायचा, म्हणून ते नाव. आमची वाडी चढाच्या अलीकडं, पिशोर पलीकडं. वाडीतली शाळा तेव्हा चौथीपर्यंतच होती. पाचवीला पिशोरला जायचं म्हणजे रोज तो चढ पायी चढायचा, आणि आबा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "पोरीच्या जातीला एवढी तंगडतोड कशाला?" झालं. माझ्या शिक्षणाची चर्चा एवढीच. मला तीसपर्यंत पाढे येत होते, अक्षर चांगलं होतं, गुरुजी मुद्दाम घरी सांगायला आले होते. आबांनी त्यांना चहा पाजला आणि पिकापाण्याचा विषय काढला. तो चहा मीच केला होता.

आमचं घर फाट्यावर होतं. पुढं आबांचं सायकलचं दुकान, मागं आमचं राहणं, आणि मध्ये तरटाचा पडदा. आबा तासाच्या भाड्यानं सायकली द्यायचे आणि दुरुस्तीही घ्यायचे. घेणारे ते, करणारी मी. गिऱ्हाईक चाक आणून द्यायचं, आबा ते उचलून "बघतो, बघतो" म्हणत पडद्यामागं आणून ठेवायचे आणि पुन्हा पुढं जाऊन गप्पा मारत बसायचे. मी घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडा शोधायचे, कानशीनं घासून ठिगळ लावायचे, आरे ओढून चाक सरळ करायचे. काम झालं की पडद्याखालून चाक पुढं सरकवायचं. बाहेर कुणीतरी म्हणायचं, "आबा, हात लई साफ हाय तुमचा." आबा म्हणायचे, "सवय हाय." पलीकडं माय चुलीपुढं भाकरी थापत असायची. तिचा थाप थाप आवाज आणि माझ्या हातोडीचा आवाज कधी कधी एका लयीत यायचा, मग आम्ही दोघी एकमेकींकडं बघून हसायचो. जेवायला बहुतेक भाकरी, अंबाडीची भाजी आणि दाण्याची चटणी. नखात ग्रीस असायचं, ते किती घासलं तरी जायचं नाही, आणि माझ्या भाकरीवर बोटांचे काळे ठसे उमटायचे. मला बघायला आलेली दोन स्थळं हात बघून परत गेली. एका बाईनं तर विचारलं, "पोरगी कोळसा इकती का?" आबा हसले. त्यांनी सांगायचं ना, की ह्या हातांवर माझं दुकान चालतं. नाही सांगितलं.

खरं लिहायचं तर मला तो पडदा आवडायचा. परक्या माणसापुढं माझी जीभ उचलत नसे, अजूनही उचलत नाही. दुधाची पिशवी द्यायला कुणी आलं तरी मी सुनेला हाक मारते. पण पडदा आवडणं वेगळं आणि पडद्यामागं ठेवलं जाणं वेगळं. हे कळायला मला म्हातारपण यावं लागलं.

माझी बहीण लता माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तिच्या वेळेपर्यंत वाडीची शाळा सातवीपर्यंत झाली होती. लता सातवी पास झाली आणि पुन्हा तोच चढ आडवा आला. पण लता माझ्यासारखी नव्हती. ती दोन दिवस जेवली नाही, आणि तिसऱ्या दिवशी आबांच्या समोर बसून म्हणाली, "सायकलवर जाईन." आबांना लाडकी होती ती. म्हणाले, "जा. पण शाळेतून तक्रार आली की त्याच दिवशी बंद. मग चुलीपुढं बसायचं आक्कासारखं." मी तिथंच होते, पडद्याच्या कडेला. मी चुलीपुढं बसत नव्हते. पण ते त्यांना माहीत असूनही दिसत नव्हतं.

शाळा सकाळची. प्रार्थना सुरू झाली की फाटक लागायचं. एसटी त्यानंतर तासाभरानं यायची, म्हणजे तिचा उपयोग नाही. लता भाड्यातली एक जुनी सायकल घेऊन जायची. सपाटीला भुर्र जायची, पण हेल्याचा चढ लागला की उतरून ढकलत न्यायची, आणि चढ चांगला मैलभर. पहिल्या महिन्यात ती दोनदा फाटकाबाहेर राहिली. तिसऱ्यांदा राहिली तर घरी चिठ्ठी येणार होती. ती मला रोज संध्याकाळी पोटऱ्या दाबायला लावायची आणि म्हणायची, "आक्का, मी उभी राहून पायडल मारते, तरी मधी सायकल थांबतीच गं. लोखंडाचा खांब ढकलल्यासारखं होतं."

आता इथं शहरात रविवारी सकाळी क्रांती चौकातून टोप्या घातलेली माणसं गिअरच्या सायकलींवर दौलताबादकडं निघतात. माझ्या नातवानं तसलीच घेतली आहे. मला समजावून सांगतो, "आजी, चढाला हा गिअर टाकायचा, मागं मोठं, पुढं लहान." मी हो म्हणते. तो जे बटण दाबून करतो ते मी पकडीनं आणि हातोडीनं केलं होतं, आणि मला ते कुणीही शिकवलं नव्हतं.

सायकल उपडी करून पायडल हातानं फिरवलं की हाताला कळतं, जड आहे का हलकी. एका सायकलीचं मागचं दात्याचं चाक, ज्याला फ्रीव्हील म्हणतात, ते बाकीच्यांपेक्षा किंचित मोठं होतं. ती सायकल हाताला हलकी लागायची, पण तिचं मागचं चाक सावकाश फिरायचं. मी आऱ्याला चिंधी बांधली आणि पायडलच्या एका फेऱ्यात चिंधी किती वेळा वर येते ते मोजलं. मग खडूनं खूण करून दाते मोजले. लताच्या सायकलीला पुढच्या चक्करावर, म्हणजे पायडलला जोडलेल्या दात्यांच्या चाकावर, अठ्ठेचाळीस, मागं अठरा. अठरा दुणे छत्तीस, वर बारा उरले. म्हणजे पायाच्या एका फेऱ्यात चाक अडीचपेक्षा जास्त फिरतं. सपाटीला चांगलं, पण चढाला एवढं कोण ओढणार? दोनच फेरे फिरलं तर? बावीस दुणे चव्वेचाळीस. पुढं चव्वेचाळीस दाते, मागं बावीस. चौथीचं गणित आहे हे, ह्याला पाचवी लागत नाही.

फाट्यावर सगळ्या गड्यांचा समज उलटा होता. पुढचं चक्कर जेवढं मोठं तेवढा सायकलीत जोर, असं ते मानायचे. आबासुद्धा गिऱ्हाइकाला चक्करावर थाप मारून सांगायचे, "बघा, मर्दानी चक्कर हाय." मागं किती दाते आहेत हे कुणी वाकून बघायचंच नाही.

पुढचं चव्वेचाळीसचं चक्कर आमच्याच भंगारात होतं, एका मोडक्या लेडीज सायकलीचं. मागचं बावीसचं नव्हतं. आबा महिन्यातून एकदा सामान आणायला शहरात, औरंगपुऱ्यात जायचे आणि यादी माझ्याकडून लिहून घ्यायचे, कारण त्यांचं अक्षर दुकानदाराला लागायचं नाही. मी छर्रे, ब्रेकचे रबर, सोल्यूशनच्या ट्यूबा असं लिहिलं आणि मधल्या ओळीत घातलं, फ्रीव्हील, बावीस दाते, एक. आबांनी यादी न वाचता खिशात घातली. सामानात ते आलं. मी ते पदरात गुंडाळून धान्याच्या कोठीमागं ठेवलं.

आबा एका लग्नाला गेले त्या दिवशी मी काम काढलं. पायडलचा दांडा आसाला एका पाचरीनं पकडलेला असतो, तिला कॉटर म्हणतात. खाली लाकूड ठेवून ती ठोकून काढली, चक्करासकट उजवा दांडा काढला, भंगारातला बसवला. मागचं अठराचं फ्रीव्हील गंजून घट्ट बसलं होतं. त्याच्या आतल्या खाचांत बसणारा खुंटा बाकाच्या पकडीत आवळला आणि चाक त्यावर ठेवून दोन्ही हातांनी फिरवलं, तेव्हा लता माझ्या कमरेला धरून ओढत होती आणि माय म्हणत होती, "अगं मोडंल काहीतरी. बाप जिवंत सोडायचा नाय." ते सुटलं तेव्हा आम्ही दोघी बहिणी मागं पडलो. सगळं बसवून चेन टाकली तर चेन जशीच्या तशी बसली, ना ढिली ना ताठ. पुढचे चार दाते कमी केले होते, मागं चार वाढवले होते. बेरीज तीच. तेव्हा मला जे वाटलं ते मला पुन्हा कधी वाटलं नाही, लग्नात नाही, मुलं झाली तेव्हाही नाही.

लता त्या सायकलीवर चढ न उतरता चढली. सावकाश, पण बसून. फाटक उघडं असताना पोहोचली, आणि त्यानंतर रोज पोहोचली.

पंधरा दिवसांनी दगडू गवळी दुकानात आला. तो दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावून रोज तोच चढ ढकलत जायचा. मला पडद्यामागून सगळं ऐकू येत होतं. "आबा, तुमची लती खाली उतरत नाय हो. मी कॅन ढकलीत निम्म्यात, आन् ही माझ्या म्होरून घंटी वाजवीत गेली. काय चारता तिला?"

आबांना काहीच माहीत नव्हतं. ते पडद्यामागं आले आणि हळू आवाजात म्हणाले, "काय केलंस त्या सायकलीला?" मी सांगितलं. चिंधी, खडू, पाढे, सगळं. आबांशी मी आयुष्यात एकदम एवढं कधी बोलले नव्हते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, मध्ये एकदा विचारलं, "बावीस कामून? चोवीस कामून नाय?" मी म्हटलं, चोवीसला चेन बदलावी लागंल. त्यांनी मान हलवली. मला वाटलं आता पाठीवर हात ठेवतील. ते पडदा बाजूला सारून पुढं गेले आणि दगडूला म्हणाले, "मागं मोठं टाकलं, पुढं लहान. लई दिवस माझ्या डोक्यात होतं ते."

महिनाभरात गवळ्यांच्या पाच-सहा सायकली आल्या. सगळ्या मी केल्या. चढापलीकडच्या गावांतूनही माणसं यायला लागली आणि येऊन विचारायची, "आबाचं चक्कर बसवून मिळतं ते इथंच ना?" नावच पडलं ते. औरंगपुऱ्यातला म्हातारा दुकानदार एकदा म्हणाला म्हणे, "इत्ते बाईस दाते कायकू ले रहे मियां? खेती करने लगे क्या दातों की?" आबांनी घरी येऊन हा विनोद तीनदा सांगितला. माय हसली. मी ताटं उचलली.

मग समोरच्या हॉटेलातल्या माणसांची नजर लताच्या पायांवर गेली. दाते असे बदलले की चढ हलका होतो, पण पाय भरभर फिरवावे लागतात. सपाटीला तर फारच. सखाराम हॉटेलवाला गल्ल्यावरून ओरडायचा, "आबा, पोरगी पिशोरला चोळ्या शिवायला चालली का? पाय बघा, शिलाई मशीन." बाकीचे त्याला जोड द्यायचे. "बखिया घालीत जाती." "घरी येईस्तोवर परकर तयार." गवळ्यांचेही पाय तसेच फिरायचे. त्यांना कुणी कधी मशीन म्हटलं नाही.

एका दुपारी आबा रागानं आत आले. "ते मोठं चक्कर परत बसव लतीच्या सायकलीला. उद्या तिनं त्याच्यावरच जायचं."

मी म्हटलं, "मग उशीर होतो. चिठ्ठी येईल."

"येऊ दे. आठवी झाली तरी लई झालं."

माझ्या तोंडून निघून गेलं, "दगडूच्या सायकलीला तेच चालतंय की."

"दगडू गडी माणूस हाय. त्याच्या पायाकडं कोण बघतंय?" आणि वर म्हणाले, "तूच बसिवलंस ना? मग तुझ्याच हातानं काढ."

हे वाक्य मला अजून झोपेतून उठवतं. आपलं म्हणून मिरवायचं तेव्हा ते त्यांचं, आणि लाज वाटली की माझं. लता रडली, म्हणाली, "म्हणू द्या की मशीन. मी कुठं ऐकायलेय?" आबांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते चपला घालून बाहेर गेले. मी हातोडी घेऊन सायकलीपुढं बसले आणि मला ती हातोडी दुसरीकडंच मारावीशी वाटत होती. दुकानात लावलेल्या आरशावर, हॉटेलच्या कपांवर, कुठंही.

माय पीठ मळत होती. तिनं वर न बघता विचारलं, "काय बसव म्हणले ते?"

"मोठं चक्कर."

"मग बसव की मोठं चक्कर. आणखी काय म्हणले?"

मी म्हटलं, "काय नाय."

"मग झालं तर," ती म्हणाली, आणि पिठाला मुठी मारायला लागली.

मी पुढचं अठ्ठेचाळीसचं चक्कर परत बसवलं. मागचे बावीस दाते तसेच ठेवले. आता बेरीज वाढली होती, म्हणून चेनमध्ये दोन कड्या घातल्या. बावीस दुणे चव्वेचाळीस, वर चार. दोन फेऱ्यांहून थोडंसंच जास्त. चढ थोडा जड जाणार होता, पण जाणार होता, आणि पायही जरा सावकाश फिरणार होते. मागच्या फ्रीव्हीलवर जुनं काळं ग्रीस थापलं, म्हणजे नवं दिसू नये. लताला सांगितलं नाही. तेरा वर्षांची पोर, कुठंतरी बोलली असती. तिला एवढंच म्हटलं, "आता तुझे पाय तयार झालेत. ह्याच्यावर पण चढशील बघ."

दुसऱ्या दिवशी ती निघाली तेव्हा आबा मुद्दाम फाट्यावर जाऊन उभे राहिले. तिथून अर्धा चढ दिसतो. मीही पडद्याच्या भोकातून बघत होते. लता चढाला लागली, सीटवरून उठली, डावं उजवं डोलत चालली. एकदा सायकल थांबल्यासारखी झाली, पण ती थांबली नाही. वळणाआड गेली ती न उतरताच. आबा हॉटेलकडं वळले आणि मोठ्यानं म्हणाले, "बघा. मर्दानी चक्करावर बी चढती. चक्कराचं काय नसतं वो, मनात जोर पायजे." सखाराम म्हणाला, "व्हय, पोरगी कुणाची!"

त्याच दुपारी आबा एका गवळ्याचं चाक घेऊन आत आले आणि नेहमीसारखं माझ्यापुढं ठेवलं. "आपलं ते चक्कर बसव ह्याला. बाहेर थांबलाय तो."

मी चाकाला हात लावला नाही. म्हटलं, "त्याला सांगा, चक्कराचं काय नसतं. मनात जोर पायजे."

घरात माय होती, लता शाळेतून येऊन जेवत होती. आबा माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं मारतील. मग त्यांची नजर भिंतीला लावलेल्या लताच्या सायकलीकडं गेली. ते तिच्याजवळ जाऊन उकिडवे बसले. खिशातून खडू काढला, मागच्या एका दात्यावर खूण केली आणि बोटानं मोजायला लागले. ओठ हलत होते. मी पाना घट्ट धरला होता. मोजून झालं, खूण पुन्हा वर आली, आणि ते तसेच बसून राहिले. लतानं घास तोंडात धरून विचारलं, "काय झालं आबा?"

"काय नाय. जेव," ते म्हणाले. अंगठ्यानं खडूची खूण पुसली. उठले, माझ्याकडं न बघता पडदा सारून पुढं गेले, आणि मी ऐकलं, ते गवळ्याला सांगत होते, "उद्या ये. ह्याला डोकं लावावं लागतं. घाईचं काम नसतं ते."

त्यांनी ते बावीस दाते राहू दिले. लता त्यांच्यावर दहावीपर्यंत गेली, पुढं शिकली, शिक्षिका झाली, मुख्याध्यापिका झाली. ह्यासाठी मी आबांचे उपकार मानावेत असं मला कुणी म्हणू शकेल. मी मानत नाही. न कळता श्रेय घेतलं असतं तर मी माफ केलं असतं. त्यांनी मोजलं होतं. त्यांना कळलं होतं. आणि तरी मरेपर्यंत ते त्यांचंच चक्कर राहिलं. मीही तो पोटाचा धंदा म्हणून लग्न होईपर्यंत गवळ्यांच्या सायकली करत राहिले. त्या गवळ्याचं चाकही दुसऱ्या दिवशी केलं. दुपारपर्यंत हात लावला नाही, एवढंच.

मागच्या वर्षी लता निवृत्त झाली. शाळेनं समारंभ केला, मला दुसऱ्या रांगेत बसवलं. समोर सतरंजीवर मुली बसल्या होत्या, त्यांतल्या कितीतरी सायकलनं येणाऱ्या. लता म्हणाली, "मुलींनो, माझ्या सायकलीला गिअर नव्हता. मोठं मर्दानी चक्कर होतं. पण माझे आबा सांगायचे, चक्कराचं काही नसतं, मनात जोर पाहिजे. त्या जोरावर मी तीन वर्षं तो चढ चढले."

मुलींनी खूप टाळ्या वाजवल्या. त्यांतली एखादी उद्या चढावर दमून थांबेल आणि स्वतःलाच दोष देईल, की आपल्याच मनात जोर नाही. मला तेव्हा उठून सांगायचं होतं, पोरींनो, मागचे दाते मोजा. माझी जीभ उचलली नाही. मी पण टाळ्या वाजवल्या.